तीनशे माश्या आणि एक पांढरी थाळी

वैशू, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सगळ्या पेट्या जोरात आहेत गं, दारात नुसती झुंबड!" ऐकून बरं वाटलं. पण तेव्हाच मनात आलं ते बोलले नाही, कारण जावईबापू शेजारी बसले होते आणि त्यांनी नुकतेच मधमाश्यांच्या पेट्यांचे पैसे मोजले होते. आता निवांत आहे म्हणून लिहिते. दारातली झुंबड बघून पेटीची तब्येत ठरवत जाऊ नकोस. माइटचा विषय निघाला की मला तर ऐन जोरातल्या पेटीचीच जास्त धास्ती वाटते.

कारण असं, की ही व्हरोआ माइट, माशीची गोचीडच म्हण, फिरते मोठ्या माशीच्या अंगावर, पण वाढते पिलाव्यात, म्हणजे अळ्या-कोषांच्या घरांत. अळीच्या घरावर मेणाचं टोपण बसायच्या थोडं आधी माइटची मादी आत शिरते आणि अळीच्या खाली, तिच्याच खाण्यात दडून बसते. टोपण बसलं की तिला कुणी हात लावू शकत नाही. साधारण तीन दिवसांनी ती पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. पुढं तीस-तीस तासांनी एकेक अंडं, आणि त्या सगळ्या मुली. आतल्या आत भावंडांचंच लागतं (नाक मुरडू नकोस, आहे ते असं आहे). माशी टोपण फोडून बाहेर येते तेव्हा तिच्याबरोबर ही आई आणि तिच्या तयार झालेल्या मुली बाहेर पडतात. नर आणि अर्धवट वाढलेल्या मुली आतच मरतात. कामकरी माशीच्या घरावर टोपण बारा दिवस असतं, नर माशीच्या घरावर त्याहून दोन-तीन दिवस जास्त. त्या जादा दिवसांत आणखी एखादी मुलगी तयार होते, म्हणून माइटला नराचा पिलावा आठ-दहा पटीनं जास्त आवडतो.

आता हिशेब तूच कर. जोरातली पेटी म्हणजे भरपूर पिलावा, आणि भरपूर पिलावा म्हणजे माइटच्या बाळंतिणींची सोय. हंगामात राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालत असते तोवर माश्याही झपाट्यानं वाढतात आणि माइट त्या गर्दीत लपून जाते. मग तुझ्याकडचे कांद्याचे गोंडे वाळायला लागतात, ऊन चढतं, फुलं संपतात, राणी हात आखडता घेते. माश्या घटतात. माइट मात्र घटत नाही, उरलेल्या थोड्या पिलाव्यात दाटीनं शिरते. एका घरात दोन-दोन, तीन-तीन. मग मे-जूनमध्ये कुणीतरी कपाळाला हात लावून सांगतो, "अचानक पेटी बसली हो!" त्यात अचानक काही नसतं. फेब्रुवारीत मोजलं असतं तर फेब्रुवारीतच कळलं असतं.

आणि माशीच्या पाठीवर बघून काही कळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. तू म्हणशील, "मी रोज बघते, एकही लाल ठिपका नाही." दिसणारच नाही. गाईच्या कासेच्या बेचक्यात गोचीड दडते, तशी ही माशीच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या फटीत घुसून बसते. वरून बघणाऱ्याला माशी नुसती चकचकीत दिसते. पाठीवर दिसायला लागली तर समज, पोटाखालच्या जागा भरल्यात. शिवाय पेटीत पिलावा असताना निम्म्याहून जास्त माइट टोपणाच्या आत असतात. म्हणजे माश्यांवर जेवढ्या सापडतील त्याहून जास्त तुझ्या नजरेआड आहेत.

ती तिथं करते काय, तेही ऐक. खूप वर्षं सगळे म्हणायचे की माइट माशीचं रक्त पिते. २०१९ साली सॅम्युअल रॅम्सी या अमेरिकन अभ्यासकानं आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं, की ती मुख्यतः माशीच्या पोटातली चरबीची पेशीजाळी खाते. आपल्याला चरबी म्हटलं की नकोशी वाटते, पण माशीचं सगळं तिथंच आहे: साठवण तिथं, रोगाशी लढायची ताकद तिथं, आणि फवारणीचं विष पचवायची सोयही तिथंच. तुमच्या पट्ट्यात बियाण्याच्या कांद्यावर फुलकिड्यासाठी किती फवारण्या होतात ते तुला मी सांगायला नको. माइट लागलेली माशी त्या विषाला लवकर बळी पडते आणि आपण सगळा दोष औषधवाल्याला देऊन मोकळे होतो. त्यात भर म्हणजे माइटच्या तोंडून विषाणू पसरतात. त्यातला एक पंख वेडेवाकडे करणारा. पेटीच्या दारासमोर मातीत सुरकुतलेल्या, चुरगळलेल्या पंखांची माशी सरपटताना दिसली, की ती पायानं बाजूला सारून पुढं जाऊ नकोस. ती दिसली म्हणजे तुला मोजायला उशीर झालेला आहे.

आता मोजायचं कसं ते सांगते, आणि हे मात्र नीट वाच.

रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घे. झाकणाचं मधलं पान कापून तिथं तारेची जाळी बसव. जाळीचं भोक तीन मिलिमीटरच्या आसपास हवं, म्हणजे माइट पडते आणि माशी पडत नाही. व्हरोआ साधारण दीड मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे खिडकीला लावतात ती मच्छरांची जाळी वापरू नकोस, माइट तिथं अडकतात आणि तू खूश होऊन घरी येतेस. हार्डवेअरच्या दुकानात मोजपट्टी घेऊनच जा. दुसरं, एक जुना कप घे, त्यात १२० मिलिलिटर पाणी ओत आणि पाण्याच्या रेषेवर बाहेरून खूण कर. तेवढ्या मापात अंदाजे तीनशे माश्या मावतात. तिसरं, पिठीसाखर, घरी मिक्सरमध्ये केलेली चालते, फक्त अगदी कोरडी हवी. आणि एक पांढरी थाळी. स्टीलची नको, चमकते, त्यात काही दिसत नाही.

सकाळी दहा-साडेदहाला पेटी उघड, कामावरच्या माश्या बाहेर गेलेल्या असतात. बुरखा घाल, धूर बेताचा दे. सगळ्यात आधी राणी शोध. ती ज्या फ्रेमवर असेल ती फ्रेम बाजूला ठेव, रिकाम्या पेटीत झाकून ठेवलीस तर उत्तम. राणी सापडल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, मग अर्धा तास गेला तरी चालेल. ती सापडली नाही तर पेटी बंद करून दुसऱ्या दिवशी बघ. राणी बरणीत गेली तर मोजणीचा आकडा घेऊन काय करणार आहेस?

मग उघड्या अळ्या असलेल्या दोन-तीन फ्रेम घे आणि त्यावरच्या माश्या एका प्लास्टिकच्या टबात झटक. उघड्या अळ्यांच्याच फ्रेम का, तर तिथं दायांचं काम करणाऱ्या तरुण माश्या असतात आणि माइट त्यांच्याच अंगावर बसते, कारण त्याच तिला पुढच्या अळीपर्यंत नेतात. मधाच्या फ्रेमवरच्या माश्या घेतल्यास तर आकडा कमी येईल आणि तो खोटा असेल. टब जरा हलव. म्हाताऱ्या माश्या उडून जातात, तरुण माश्या कोपऱ्यात गोळा होतात. तो गोळा खुणेपर्यंत कपात उचल आणि बरणीत टाक. झाकण लाव. जाळीतून दोन मोठे चमचे पिठीसाखर सोड आणि बरणी हळूहळू गोल फिरव, सगळ्या माश्या पांढऱ्या होईपर्यंत. मग दोन मिनिटं सावलीत ठेव. या दोन मिनिटांची घाई करू नकोस, साखरेनं माइटच्या पायांची पकड सुटते आणि माश्याही अंग झाडतात. नंतर बरणी उपडी करून थाळीवर मिनिटभर जोरात हलव. साखर खाली पडते आणि तिच्यात माइट.

थाळीत थोडं पाणी ओत. साखर विरघळते, आणि मग त्या पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी, चकचकीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असे ठिपके स्वच्छ दिसतात. परागाचे कण आणि मेणाचे तुकडे मध्येमध्ये असतात, त्यांना फसू नकोस. काडीनं उलटून बघ, खालून पाय दिसतात. पहिल्यांदा दिसले की अंगावर काटा येतो हे आधीच सांगून ठेवते, दुसऱ्या पेटीपासून काही वाटत नाही.

साखरेत माखलेल्या माश्या पेटीच्या दारात सोड, बाकीच्या त्यांना चाटून स्वच्छ करतात. तुझ्या छोट्याला ते बघायला खूप आवडेल, पण त्याला लांब उभं कर.

जितक्या माइट मोजल्यास त्याला तीननं भाग, म्हणजे शंभर माश्यांमागे किती ते मिळतं. शंभराला एक किंवा त्याहून कमी असेल तर वहीत लिही आणि महिन्यानं परत बघ. दोन आली तर कान टवकार. तीन म्हणजे तीनशे माश्यांत नऊ, आणि तिथं उपाय करायचाच. नऊ हा आकडा ऐकायला काहीच वाटत नाही, मला माहीत आहे. पण वीस हजार माश्यांच्या पेटीत माश्यांवरच सहाशे झाल्या, आणि टोपणाखालच्या तर अजून मोजल्याच नाहीत.

आता जरा नाजूक गोष्ट. साखरेच्या पद्धतीत काही माइट अंगाला चिकटून राहतात, विशेषतः पावसाळ्यात, कारण दमट हवेत साखरेचे गोळे होतात. खरा आकडा हवा असेल तर साखरेऐवजी स्पिरिटमध्ये किंवा भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात माश्या हलवायच्या. मग जवळजवळ सगळ्या माइट सुटून खाली बसतात. पण त्या तीनशे माश्या मरतात. तू लहानपणी खिडकीत अडकलेली माशीसुद्धा वहीच्या पानानं बाहेर सोडायचीस, म्हणून मी हे दबकतच लिहिते आहे. माझं मत विचारशील तर सुरुवातीला साखरेनं शिक, हात बसू दे. पण सप्टेंबरात, आणि पेट्या दूर न्यायच्या आधी, साबणाच्या पाण्यानं मोज. चांगल्या हंगामात तुझी राणी तेवढ्या माश्यांची भरपाई दिवसाच्या आत करते. उलट चुकीच्या आकड्यावर विसंबून सबंध पेटी गेली, तर तिची भरपाई कुणीच करत नाही. साखरेची दया बरी वाटते, पण माइट साखरेत कमी सापडते म्हणून ती पेटीत कमी असत नाही.

काही जण तळपाटावर व्हॅसलिन लावलेला पांढरा कागद ठेवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर पडलेल्या माइट मोजतात. उपचारानंतर किती पडल्या ते बघायला ते ठीक आहे. पण एरवी मला ते पटत नाही. पिलावा किती, माश्या किती, यावर तो आकडा खालीवर होतो, आणि आपल्याकडं तर रात्रीतून मुंग्या येऊन निम्म्या माइट उचलून नेतात. मग तू निवांत.

नराचा पिलावा उघडून बघणं मात्र शीक. नराच्या घरांची टोपणं कामकरीच्यापेक्षा फुगीर असतात, फ्रेमच्या खालच्या कडेला बहुधा सापडतात. दातेरी काटा आडवा घालून टोपणांच्या खालून एका फटक्यात दहा-बारा कोष वर उचल. डोळे गुलाबी झालेले पांढरे कोष असले तर सगळ्यात चांगलं, त्या पांढऱ्यावर लाल माइट लगेच उठून दिसते. रिकाम्या घराच्या आत टॉर्च मारून बघ, वरच्या भिंतीवर पांढरे खडूसारखे ठिपके असतील तर ती माइटची विष्ठा. आणि एक, हा पिलावा जमिनीवर फेकून मोकळी होऊ नकोस, पेट्यांपासून लांब नेऊन पुरून टाक.

आता आणखी एक, आणि हे परदेशी व्हिडिओत तुला सहसा मिळणार नाही. आपल्याकडं व्हरोआच्या जोडीनं दुसरी एक माइट आहे, ट्रोपिलेलॅप्स. ती मुळात आग्या मोहोळाची. वडाच्या झाडावर, पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली आग्या बसलेलं असतं ना, तिथून ती आपल्या पेट्यांतल्या मेलिफेरा माशीकडं आली. व्हरोआ रुंद आणि जडशीळ. ही लांबट, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि फ्रेमवर नुसती पळते. ती मोठ्या माशीवर फारशी थांबत नाही, पिलाव्याशिवाय थोडेच दिवस जगते. म्हणून साखरेच्या बरणीत ती सापडेलच असं नाही. तिच्यासाठी टोपण घातलेल्या पिलाव्याची फ्रेम पांढऱ्या ट्रेवर चार वेळा आपटायची, एकदा एक कड, एकदा दुसरी. पळणारे लाल कण पडले तर तीच. टोपणांना बारीक भोकं, पिलावा विस्कटलेला, मेलेल्या अळ्या ओढून दाराबाहेर टाकलेल्या दिसल्या, तरी तिचाच संशय घे. बरणीत शून्य आणि पिलावा खराब, असं दिसलं की फ्रेम आपटायची, चर्चा करत बसायचं नाही.

ही सगळी भानगड मेलिफेराचीच का, असं तू विचारशील. व्हरोआचं मूळ घर आशियातली माशी, आपली सातेरी ज्या जातीची, ती. जावा बेटावर त्या माशीवर सापडलेल्या माइटचं वर्णन औडेमान्स नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञानं १९०४ साली केलं. सातेरी आणि माइट युगानुयुगं एकत्र राहिल्या, त्यामुळे सातेरीनं आपले उपाय काढलेत. एकमेकींचं अंग साफ करतात, माइट ओरबाडून काढतात, आणि तिच्याकडं माइट बहुतेक नराच्या पिलाव्यातच वाढू शकते. युरोपातली मेलिफेरा मात्र या पाहुणीला ओळखतच नव्हती. १९६२ साली कांगड्याजवळ नगरोटा बगवाँला मेलिफेरा आपल्या देशात नीट रुजली, मध भरपूर देते म्हणून ती सगळीकडं पसरली, आणि इथं तिला दोन्ही माइट भेटल्या. तिच्यावर बसणारी माइट जावाच्या माइटहून वेगळ्या जातीची आहे, हे अँडरसन आणि ट्रुमन यांनी २००० साली दाखवलं, आणि तिला नाव दिलं व्हरोआ डिस्ट्रक्टर. नाव ठेवताना त्यांनी काही हातचं राखलं नाही. म्हणून महाबळेश्वरातल्या सातेरीवाल्या काकांनी तुला "आम्ही कधी माइट मोजत नाही" असं सांगितलं, तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांची माशी वेगळी आहे.

आकडा वर आला तर काय, तेही थोडक्यात. मात्रा मी इथं लिहीत नाही; ती पेटीच्या आकारावर आणि हवेवर ठरते. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचार, त्यांचं कामच ते आहे. पण गोष्टी काय काय आहेत ते माहीत असू दे. फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ टोपणाच्या आतही पोचते, हा तिचा मोठा गुण. पण कडक उन्हात ती पिलाव्याला आणि राणीला मारते, म्हणून तुमच्याकडच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी तिचा विचारही नको. आणि तुझ्या फुप्फुसालाही ती तितकीच वाईट. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडं पाठ. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड टोपणाच्या आत जात नाही, ते पिलावा नसताना उपयोगी. पिलावा असेल तर तो नसलेला करता येतो: राणीला तीनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं. उन्हाळ्यात फुलं नसताना हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण तेव्हा राणीची अंडी पोसायला तशीही फार काही नसतं, आणि ट्रोपिलेलॅप्स तर पिलावा तुटला की आपोआप उपाशी मरते. तिच्यासाठी आपल्याकडं फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर गंधकाची पूडही भुरभुरतात. थायमॉल म्हणजे ओव्याच्या वासाचं सत्त्व, तेही वापरतात, मधाला मात्र वास लागतो. फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या मिळतात, त्या वर्षानुवर्षं त्याच वापरल्या की माइट सरावते आणि औषध मेणात मुरत राहतं. काहीही वापरलंस तरी वरची मधाची कोठी काढल्याशिवाय नाही. आणि उपचार संपल्यावर पुन्हा बरणी. उपचार केला म्हणजे झालं असं नसतं, आकडा खाली आला तर झालं.

कापूर, हळद, कडुनिंबाचा धूर, तंबाखूचा धूर सांगणारे पुष्कळ भेटतील. भांडू नकोस. "धुराआधी मोजू, धुरानंतर मोजू" एवढंच म्हण. बहुतेक तिथूनच जातात.

कधी मोजायचं? दहा पेट्या आहेत तोवर दहाही मोज, एक नमुना काढून सगळ्यांचं ठरवू नकोस. शेजारशेजारच्या पेट्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हंगामात महिन्यातून एकदा. कांद्याचे गोंडे फुलायच्या आधी एकदा, कारण मध भरायला लागल्यावर हात बांधले जातात. (कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम बरंच असतं, माश्यांना तो फार आवडत नाही. जवळ धना किंवा मोहरी फुललेली असली की त्या तिकडं पळतात. तेव्हा गोंड्यांवर माश्या कमी दिसल्या म्हणून लगेच माइटचा दोष काढू नकोस.) फुलं संपल्यावर एकदा. पावसाळ्याच्या अखेरीस एकदा, ती सगळ्यात महत्त्वाची. आणि पुढच्या वर्षी कुणाबरोबर मोहरीसाठी राजस्थानात पेट्या पाठवल्यास तर जाताना आणि परत आल्यावर. तिथं कित्येक जणांच्या पेट्या शेतोशेती ठेवलेल्या असतात, माश्या चुकून दुसऱ्याच्या पेटीत शिरतात आणि माइटला फुकटचा प्रवास मिळतो. नवीन पेट्या घेताना तर विकणाऱ्यासमोरच बरणी काढ. तो नको म्हणाला तर पेटी घेऊ नकोस, मग भाव कितीही चांगला असो.

शेवटचं म्हणजे शेजाऱ्यांचं. तुझ्या बांधापलीकडच्या त्या माणसाच्याही पेट्या आहेत असं तू सांगितलंस. माइट निघाली म्हणून तू ती त्याच्यापासून लपवणार, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडं घरातलं दुखणं चारचौघांत सांगायचं नाही असंच शिकवलंय. पण त्याची कमजोर पेटी बसली, की तुझ्या माश्या तिथला मध लुटायला जातात आणि मधाबरोबर माइट घेऊन येतात. मग तू उपचार करत बसतेस आणि आकडा चढतच राहतो. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ व्हरोआ सापडली, तेव्हा सरकारनं तिचा नायनाट करायला हजारो पेट्या नष्ट केल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उघडपणे मान्य केलं की ती आता जाणार नाही, तिच्यासोबतच राहायला शिकायचं. एवढ्या मोठ्या देशाला जाहीर सांगायला संकोच वाटला नाही, तर तुला बांधापलीकडं जाऊन सांगायला कसला? उलट तो आकडा काढायला तुझी मदत मागेल. त्याच्याकडं जाताना बरणी घेऊन जा. दोघांनी एकाच आठवड्यात उपचार केला तरच दोघांना फायदा, एकानं करून दुसऱ्यानं सोडला तर औषधाचे पैसे वाया.

येत्या रविवारी जावईबापूंना टब धरायला उभं कर, म्हणजे त्यांनाही कळेल. वहीत पेटीचा नंबर, तारीख, कोणती पद्धत आणि किती माइट एवढंच लिहायचं, शेरे नकोत. आणि दहाही आकडे मला रात्री फोनवर वाचून दाखव. चांगले तेवढेच नाही, सगळे.